काळ्या पट्टीतली बाई

आमच्याकडे बैठकीत शिरलेला पाहुणा भिंतीवरची तसबीर बघून आधी एकच गोष्ट ठरवतो, की यातलं माणूस आहे का गेलं. गेलेलं असेल तर त्याचा आवाज आपोआप खाली येतो, टोपी नीट होते, हात जोडले जातात. मी हिंगोलीत तसबिरींना चौकटी करून देण्याचं दुकान चालवलं. त्या धंद्यात मला जे कळलं त्याचा सारांश असा, की चित्र काहीही असो, बोलते ती पट्टी.

पट्टी म्हणजे चौकटीचं लाकूड. हैदराबादहून लांब काठ्यांचे गठ्ठे यायचे, साधे, नक्षीचे, सोनेरी मुलाम्याचे. तिरके काप घेऊन चार तुकडे जोडायचे, काच कापायची, चित्र बसवायचं, मागं पुठ्ठा, बारीक खिळे आणि वरून तपकिरी कागद. जोड उजेडाकडे धरून पाहायचा. फटीतून उजेड आला की काम परत. बाहेरच्या माणसाला सांगण्यासारखी विद्या एवढीच. उरलेली विद्या कुणाला कोणती पट्टी द्यायची ही.

सोनेरी पट्टी देवांची. तपकिरी पट्टी लग्नाच्या जोडप्यांची, पदवीच्या कागदाची, शाळेच्या ग्रुप फोटोची. काळी गेलेल्यांची. हा नियम कुणी केला ते मला माहीत नाही, पण तो मोडलेला मी पाहिला नव्हता. गिऱ्हाइकानं दुकानात येऊन काळ्या पट्टीकडं बोट दाखवलं की मी आधी चहा सांगायचो आणि मग माप विचारायचो. आणखी एक. गेलेल्या माणसाची तसबीर एकट्याची असते, मोठी असते आणि दारासमोर असते. जिवंत माणूस आमच्याकडे भिंतीवर एकटा चढत नाही. चढलाच तर तो पुढारी असतो.

मला स्वतःला चित्रांचा नाद होता. पट्टी आणायला हैदराबादला गेलो की रविवार गाठायचा आणि फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात बसायचं. तिथं परदेशी चित्रांच्या छापील प्रती मिळत. कुणाच्या तरी बंगल्यातून रद्दीत निघालेल्या, कोपरा दुमडलेल्या, पण कागद असा जाड की हातात घेतल्यावर आपणच जरा सरळ बसावं. मी त्या आणून पांढऱ्या मोकळ्या कडा सोडून फ्रेम करायचो आणि दुकानाच्या मागच्या भिंतीवर लावायचो. गिऱ्हाईक बघायचं आणि म्हणायचं, "भाऊ, कडंला एवढी जागा काहून वाया घातली? दोन देव बसले असते." घरी एक चित्र नेलं होतं. एक परदेशी बाई खिडकीपाशी बसून शिवतेय, असं. माझ्या बायकोनं ते बरेच दिवस न्याहाळलं आणि म्हणाली, "हिच्या घरात उजेड बराबर येतो. आपल्या स्वयंपाकघरात खिडकी कधी पाडणार?" पाडली. माझ्या कलासंग्रहाचा घराला झालेला तो नगद फायदा.

हिंगोली जिल्हा झाला तेव्हा मात्र आमच्या धंद्याला बरे दिवस आले. नव्या जिल्ह्याला नवी कार्यालयं लागतात आणि कार्यालयाला खुर्च्यांच्या आधी थोर पुरुष लागतात. एका कार्यालयातल्या दोन साहेबांचं, आपापल्या महापुरुषाची तसबीर दुसऱ्याच्या महापुरुषापेक्षा लहान दिसते यावरून बोलणं बंद झालं होतं. मी टेप घेऊन गेलो, दोन्ही मापं सारखी निघाली. तेव्हा दोघांनी मिळून भिंतच तिरकी ठरवली आणि त्यांचं पुन्हा जमलं. ज्यांच्या तसबिरी होत्या त्यांनी आयुष्यभर साधेपणाचा उपदेश केला होता. त्यांना सोनेरी पट्टी हवी होती, असं साहेबांचं मत पडलं.

त्याच सुमारास आमच्याकडच्या एका संस्थाचालकांनी बंगला बांधला. दिवाणखान्यासाठी चित्र घ्यायला ते स्वतः आले. मागच्या भिंतीवरचा एक समुद्र त्यांना पसंत पडला. म्हणाले, "हे द्या. फक्त वरून वीतभर कापा. आमच्याकडं वर झरोका येऊन राहिला."

"साहेब, वर आभाळ आहे."

"जास्तीचंच हाय की. समुद्र पुरा ठेवा."

मी नाही म्हणालो. त्यांना राग आला नाही. दुसरं चित्र मागताना त्यांनी एक अटही घातली, जी मी पुढं अनेक सुशिक्षितांना सांगितली आणि कुणाला हसू आलं नाही. "कळणारं देऊ नका. कळालं की लोक दोन मिनटं बघतेत अन् सोफ्यावर बसतेत. न कळणारं असलं म्हंजे मालकाला विचारावं लागतं."

अशा दुकानात सुधाकर यायचा. जवळा बाजार या गावातल्या एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक, शेतकरी घरातला, तिशीला टेकलेला. मागच्या भिंतीपुढं उभं राहून काही न मागणारा तो एकटाच. औरंगाबादला शिकताना त्यानं ग्रंथालयात मोठमोठी पुस्तकं पाहिली होती आणि ती तो कुणाला तरी सांगण्यासाठी तळमळत असायचा. त्याच्या गावात ऐकणारं कुणी नव्हतं, आणि मला दुकान सोडून पळता येत नव्हतं.

एका रविवारी मला हैदराबादला एक मोठी प्रत सापडली. एकाच बाईचा चेहरा चार वेळा छापलेला, वर दोन, खाली दोन. एक गुलाबी, एक पिवळा, एक निळा, एक हिरवा. ओठ भडक, केस सपाट, डोळ्यांवर शाईचे ठिपके. खालच्या बारीक अक्षरांवरून एवढं लागलं, की चित्रकारानं हा चेहरा साबणाच्या एका जुन्या जाहिरातीतून उचलला होता. सुधाकरनं ते पाहिलं आणि स्टूल ओढून बसला.

"पॉप आर्ट हे, भाऊ! बाजारातल्या वस्तू, जाहिराती, तेच तेच चेहरे घेऊन केलेली चित्रं. मोठ्या चित्रकलेचा तोरा उतरवायला काढलेली चळवळ."

तोरा उतरवायची कल्पना मला आवडली. पण मी म्हणालो, की साबणाची, बियाण्याची, बिडीची कॅलेंडरं आपल्याकडं घरोघर फ्रेम करून लावतातच. वर लक्ष्मी, खाली खताची पिशवी. आपण त्याला चळवळ म्हणत नव्हतो एवढंच.

"तेच तर!" तो म्हणाला. "मी हे बैठकीत लावणार. काळ्या पट्टीत."

"काळी नको, सुधाकर. एकटी बाई आहे."

"चार हायेत."

"काळी पट्टी म्हटल्यावर लोक मोजत नाहीत."

पण त्या रंगांना काळीच पट्टी शोभते हे त्याचं म्हणणं चित्राच्या बाजूनं बरोबर होतं. त्यानं ऐकलं नाही. मी काळी केली आणि खरं सांगायचं तर ती फ्रेम माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांपैकी एक आहे.

काही महिन्यांनी त्याचे वडील मारोतराव दुकानात आले. धोतर, हातात पिशवी, चेहरा उतरलेला. स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "भाऊ, तुमी माझ्या पोराची बायको मारली."

मी म्हणालो, "त्याचं लग्न झालंय?"

"न्हाई ना! तीच तर तकलीफ हाय."

मग एकेक करून निघालं. कळमनुरीकडच्या एका गावात सुधाकरला मुलगी दाखवली होती. सुनंदा नाव. बारावी झालेली. पोहे खाऊन झाल्यावर "काही विचारायचं का" असं रीतीप्रमाणं विचारलं, तर तिनंच याला विचारलं, "तुमी लेकरांना चित्र काढायला शिकवता, का बघायला?" तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरी मुलगी येत नव्हती. पसंती दोन्हीकडून झाली. मग रीतीप्रमाणं मुलीकडचे घर बघायला जवळा बाजारला आले. मुलीला बाप नव्हता. चुलते ज्ञानोबाराव पुढं होते. बैठकीत पाऊल ठेवलं आणि समोर काळ्या पट्टीत बाई. ज्ञानोबारावांनी टोपी सारखी केली, हात जोडले. बरोबरच्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. गेलेल्या माणसाबद्दल परक्या घरी पहिल्याच भेटीत विचारत नाहीत. त्यांनी विचारलं नाही. चहा अर्धा ठेवून गेले.

"आमाला काय ठाव?" मारोतराव म्हणाले. "आमाला वाटलं, चित्राला हात जोडले, चांगली माणसं हायेत."

चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. बिजवराला मुलगी द्यायलाही आमची ना नव्हती, पण पहिली बायको लपवली ती का? आता ही गोष्ट सोयऱ्याधायऱ्यांत फिरत होती. कुणी म्हणे बाळंतपणात गेली, कुणी म्हणे जळून. सुधाकरचं लग्न मोडलं एवढ्यावर ते थांबणार नव्हतं. त्याच्या पाठीवर एक बहीण होती, आणि जळालेल्या सुनेच्या घरातली मुलगी कोण करणार?

"मग ते चित्र काढून टाका ना."

"काढू देत न्हाई! म्हंतो, आज काढलं तर लोक म्हनतील, व्हतीच बायको, म्हनून काढलं." मारोतरावांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "अन् ते बी खोटं न्हाई."

खोटं नव्हतंच. म्हणून असं ठरलं, की मी मारोतरावांबरोबर कळमनुरीकडं जायचं आणि साक्ष द्यायची, की ही बाई कुणाची कुणी नाही.

ज्ञानोबाराव ओसरीत बसले होते. मला पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि शांतपणे उलटतपासणी सुरू केली.

"बाई कोन म्हंता?"

"परदेशातली. साबणाच्या जाहिरातीतली."

"जिती हाय?"

"माहीत नाही. जाहिरात फार जुनी आहे."

"म्हंजे मेली असंल."

"असेल."

"पाव्हन्याच्या नात्यात?"

"नाही हो."

"वळखीत?"

"नाही."

"मंग वळख ना पाळख, मेलेली बाई घरात काहून लावली?"

मी तोवर चित्रांवर बरंच वाचलं होतं. त्या वाचनातली वाक्यं एकेक करून ओठांपर्यंत आली आणि ज्ञानोबारावांचा चेहरा बघून परत गेली. आयुष्यभर मी माणसांना चित्रं विकली, पण कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. ते माप विचारायचे. मी म्हणालो, "त्याला बघायला आवडते."

"परकी बाई बघायला आवडती!" ज्ञानोबाराव घरात तोंड करून म्हणाले. "ऐकलं का? हे साक्षीदार!"

माझी साक्ष अशी उलटली. मारोतरावांनी डोक्याला हात लावला. तेवढ्यात आतल्या दाराच्या चौकटीत मुलगी आली. चुलत्याला म्हणाली, "काका, तुमी सगळे बघून आले. मीच बघितली न्हाई. ते चित्र इकडं आणा म्हनावं."

"तू काय बघनार?"

"माझी सवत हाय म्हंतेत ना? मंग मला नको बघायला?"

ज्ञानोबारावांना हसू आलं असावं, कारण त्यांनी तोंड फिरवून पान थुंकलं. मग म्हणाले, "आणा. पोराला बी आणा."

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं काळ्या-पिवळ्या जीपमधून निघालो. चित्र चादरीत गुंडाळून सुधाकरच्या मांडीवर. काच होती म्हणून प्रत्येक खड्ड्याला मी त्याच्याकडं आणि तो रस्त्याकडं बघत होता. शेजारच्या बाईनं चादरीतून दिसलेला काळा कोपरा पाहिला आणि हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं बाप्पा?"

मारोतराव म्हणाले, "आज कळंल."

त्या घरी ओसरीत सतरंजी अंथरली होती. ज्या खुर्चीवर मुलीला बसवतात ती मध्ये ठेवली होती. सुधाकरनं चादर सोडली आणि चित्र त्या खुर्चीवर पाठीला टेकवून ठेवलं. घरातली, शेजारची माणसं गोल बसली. काकी म्हणाली, "अगं बया, चारी एकाच तोंडाच्या!" कुणी म्हणालं, पिवळीला कावीळ झाली असेल. आमच्याकडं मुलगी बघायच्या कार्यक्रमाला जी शांतता असते तीच पसरली, फक्त बघण्यासाठी बसवली होती ती दुसरी.

सुधाकरला राहवलं नाही. "हे पॉप आर्ट आहे," त्यानं सुरू केलं. "म्हणजे एकच प्रतिमा वारंवार छापली की..."

"थांबा जरा," सुनंदा म्हणाली. "बघू द्या."

ती चित्रापुढं मांडी घालून बसली. खूप वेळ बसली. माझ्या दुकानात मागच्या भिंतीसमोर इतका वेळ गप्प बसणारं माणूस मला मिळालं नव्हतं. ज्ञानोबाराव दोनदा खाकरले. मग ती चित्राकडंच बघत बोलली.

"काका, यांच्या आधी मला तिघं बघून गेले. पहिल्याला काकीनं पिवळी साडी नेसवली, तो न्हाई म्हनला. दुसऱ्याला गुलाबी. तिसऱ्याला पावडर जादा लावली. तोंड तर हेच व्हतं. बघनारे साडी बघून गेले." तिनं खुर्चीकडं बोट केलं. "हे चित्र ज्यानं काढलं, त्याला हे ठाव व्हतं."

काकी पदराला गाठ मारू लागली. मी सुधाकरकडं पाहिलं. चळवळीबद्दल त्याला जे माहीत होतं त्यातलं त्या क्षणी काही आठवत असेल असं त्याच्या तोंडावरून वाटत नव्हतं.

"चौथा मी," तो म्हणाला.

"व्हय. चौथे तुमी." आता ती वळली. "सांगा, तुमच्या टायमाला मी कोनती साडी नेसले व्हते?"

मारोतरावांनी डोळे मिटून घेतले. रंगांचा मास्तर, आणि पोरगं इथं चुकलं तर संपलं. सुधाकरनं विचार केला. मग म्हणाला, "साडीचं ध्यानात न्हाई."

काकीनं "घ्या" असा हात केला.

"डावी भुवई ध्यानात हाय. मधून तुटलेली हाय. लहानपणी काही लागलं असंल."

सुनंदाचा हात भुवईकडं गेला. काकीचं तोंड उघडं राहिलं. "मी तर काजळानं भरून काढली व्हती," ती म्हणाली. "बराबर भरली व्हती!"

"तरी दिसली," सुधाकर म्हणाला.

ज्ञानोबारावांनी आधी पुतणीकडं पाहिलं, मग खुर्चीवरच्या बाईकडं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "चहा टाका," ते आत बघून म्हणाले. "अन् या टायमाला पूर्ण प्या, मारोतराव. मागं आमी अर्धा ठेवला, त्याचं मनावर घेऊ नका."

चित्र जवळा बाजारला परत आलं नाही. सुनंदानं ते ठेवून घेतलं आणि सुधाकरनं, ज्यानं बापाला त्याला हात लावू दिला नव्हता, चादरसुद्धा तिथंच सोडली. मी निघताना विचारलं, की आता तरी पट्टी बदलून देऊ का, तपकिरी छान दिसेल. ती म्हणाली, "राहू द्या. रंग उठून दिसतेत."

दुकान आता नाही. फ्लेक्स आले, मोठ्या शहरांतून काच लावून तयार फ्रेमा येऊ लागल्या, आणि जिवंत माणसं चौकाचौकांत एकटी चढायला लागली तसा माझा पट्ट्यांचा नियमही निकालात निघाला. मागच्या भिंतीवरची चित्रं मी हळूहळू वाटून टाकली. ती लोकांनी लावली का, हे बघायला मी कुठं गेलो नाही. या धंद्यात तेवढी सावधगिरी लागते.

पण त्यांच्या लग्नाला गेलो होतो. मंडपाच्या कडेला रुखवत मांडलं होतं. तांब्या-पितळेची भांडी, विणलेले रुमाल, मोत्यांचा मोर, चकल्यांचा मनोरा, आणि मधोमध मोरालाही झाकेल अशी ती काळी फ्रेम. वऱ्हाडातली बायामाणसं रांगेनं रुखवत बघत पुढं सरकत होती. एक म्हातारी फ्रेमपुढं आली, थबकली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि हात जोडू लागली. शेजारी राखणीला उभे असलेले ज्ञानोबाराव पुढं वाकले.

"हात नका जोडू, मावशे," ते म्हणाले. "नुसतं बघा."